बेंबीतून काढलेली वाट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख, सन्माननीय महोदय; प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता महोदया; आमच्या विभागाची सूत्रं उद्यापासून ज्यांच्या हाती जाणार आहेत ते तरुण डॉक्टर; पहिल्या रांगेत अवघडून बसलेले बाईंचे यजमान; सर्व सहकारी, सिस्टर्स, वॉर्डातले मामा आणि मावशा, आणि उभं राहायलाही जागा नसताना दाराशी थांबलेले आजी-माजी रुग्ण हो. आणि अर्थातच सत्कारमूर्ती. ज्यांच्या नावापुढच्या पदव्या निमंत्रणपत्रिकेत दोन ओळींत मावल्या नाहीत, पण ज्यांना या इमारतीत सगळ्यांनी नुसतं 'बाई' म्हटलं, त्या आपल्या बाई.

भूलतज्ज्ञाला भाषणाला उभं करण्यात एक धोका असतो, हे आयोजकांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. समोरच्याला झोपवणं हा माझा पेशा. तरी ज्यांना जाग राहील त्यांच्यासाठी बोलतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलाशी माझी जागा रुग्णाच्या डोक्याशी आणि बाईंची पोटाशी. मधे एक हिरवा पडदा. इतकी वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण काम करतानाचे बाईंचे हात मी फारसे पाहिले नाहीत. मी ऐकला तो त्यांचा आवाज. आणि त्या आवाजात सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द कोणता, तर 'का?'. ही नळी इथेच का वळलीय? हा स्नायू असा का थकला? सिस्टर, आज तुम्ही गप्प का? त्यांनी मला 'भूलोबा' हे नाव ठेवलं तेव्हा मीही एकदा 'का?' विचारलं होतं. त्याचं उत्तर मात्र मिळालं नाही.

बाईंचा विषय काय, हे पत्रिकेत फार सभ्य शब्दांत छापलंय. मी सोप्या भाषेत सांगतो. ज्यांची लघवी त्यांच्या ताब्यात राहत नाही, अशा माणसांना बाई तो ताबा परत मिळवून देतात. आणि जिथे मूत्राशयच बिघडलेलं असतं, तिथे ते नव्याने घडवतात. पाहुण्यांसमोर 'लघवी' हा शब्द उच्चारल्यावर मागच्या दोन रांगा चुळबुळल्या, तेही मला दिसलं. बरोबर आहे. हृदयाचा रोगी आपला आजार छाती पुढे काढून सांगतो. आमचा रोगी सगळं सांगून होतो, गुडघे सांगतो, पित्त सांगतो, सूनबाईंचा स्वभाव सांगतो, उठतो, दारापर्यंत जातो, आणि कडीवर हात ठेवून म्हणतो, "आणखी एक किरकोळ तक्रार होती." ती किरकोळ तक्रार म्हणजे ज्यासाठी तो आलेला असतो ती! म्हणून बाई प्रत्येक रुग्णाला दारापर्यंत सोडायला जातात. लोकांना वाटतं, काय हा नम्रपणा! नम्रपणा कसला? खरी गोष्ट दाराशी कळते हे बाईंना ठाऊक आहे.

"एवढे मानाचे विषय सोडून तुम्ही हाच का घेतलात?" असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "शिकत असताना एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. ओळीने बाकीचे सगळे रुग्ण जाईपर्यंत बसून राहिले. मग मला म्हणाले, हे मी माझ्या पत्नीलाही सांगितलेलं नाही. मला नवल वाटलं. चाळीस वर्षांचा संसार, आणि माणूस एवढी साधी गोष्ट घरात लपवतो? का लपवतो? तेवढ्यासाठी आले मी या विषयात." मी विचारलं, "मग कळलं का?" तर म्हणाल्या, "थोडं थोडं कळतंय."

आज मी एकच हकीकत सांगणार आहे. जिची आहे तिची परवानगी घेतलीय. नाव सांगायचं नाही, या अटीवर ती मिळालीय.

एका सकाळी बाईंनी मला बाह्यरुग्ण विभागात बोलावून घेतलं. खोलीत एक अकरा-बारा वर्षांची मुलगी आणि तिचे आईवडील. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आई शाळांचे गणवेश शिवायची. मुलीच्या पाठीच्या कण्यात जन्मतःच फट राहिली होती. ती तान्ही असताना बुजवलेली होती, पण मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचं काम काही जुळलं नव्हतं. एक पाय जरासा ओढत चालायची, बाकी चुणचुणीत. आणि सतत ओली. जन्मापासून एक दिवस कोरडा नाही. दप्तरात पुस्तकांखाली लंगोट आणि एक जादा स्कर्ट. वर्गात बाक शेवटचं, दाराजवळचं. ते तिनेच मागून घेतलेलं.

मला बोलावलं होतं ते भुलेच्या दृष्टीने तपासायला. अशा मुलांना पुष्कळदा रबराची ॲलर्जी असते. साधा हातमोजाही जिवावर बेतू शकतो. मी माझे प्रश्न विचारायच्या तयारीत, आणि बाईंचं मुलीशी काही वेगळंच चाललेलं.

"कुठल्या तासाला जास्त भिजतेस?"

"भूगोलाच्या."

"भूगोलाच्या का गं?"

"ते सर विनोद करतात."

"मग तू हसत नाहीस?"

"हसते. पण बसून हसते. उभं राहून नाही हसत."

वडील म्हणाले, "डॉक्टर, काय विचारायचं ते मला विचारा ना. सगळे कागद माझ्याकडे आहेत." बाई म्हणाल्या, "विचारते. पण भूगोलाच्या तासाला तुम्ही नसता ना?"

मग तपासणी झाली. मूत्राशयात एक बारीक नळी घालून थोडं थोडं पाणी सोडतात आणि आतला दाब पडद्यावर रेषेसारखा उमटतो. पडदा डॉक्टरांच्या बाजूला असतो. बाईंनी तो मुलीकडे वळवला. आता जिच्या पोटाची रेषा तिनेच बघितली, तर ती गप्प कशी बसेल?

"ही वर का चाललीय?"

"तुझं मूत्राशय फुगायला तयार नाही म्हणून. कोरा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात ना, तसं ते घट्ट आहे."

"मग पाणी जातं कुठे?"

"थोडं खाली, कपड्यात. आणि थोडं उलटं, वर. मूत्रपिंडांकडे."

"वर जाऊन काय करतं?"

बाईंनी एकदा आईकडे पाहिलं. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "मूत्रपिंडांची नासाडी करतं. एकाची बरीच झालीय. दुसरं अजून चांगलं आहे. ते आपल्याला वाचवायचंय."

मुलगी रेषेकडे बघत राहिली.

श्रोते हो, दोन मार्ग होते. एक सोपा, दुसऱ्या एका रुग्णालयात त्यांना आधीच सुचवलेला. लघवीची वाट पोटावर काढायची आणि तिथे कायमची पिशवी लावायची. शस्त्रक्रिया लहान, मूत्रपिंड सुरक्षित. दुसरा मार्ग लांबचा. आतड्याचा एक तुकडा घ्यायचा, तो उलगडून मूत्राशयाला ठिगळासारखा जोडायचा, म्हणजे मूत्राशय मोठं आणि मऊ होतं. खालची गळणारी वाट बंद करायची. आणि अपेंडिक्स, ज्याला आपण सगळे बिनकामाचं शेपूट म्हणतो, त्याची नळी करून मूत्राशयापासून पोटाच्या कातडीपर्यंत आणायची. त्या छोट्या भोकातून दिवसातून अनेकदा बारीक नळी घालायची आणि लघवी काढून टाकायची. आपली आपण. जन्मभर.

वडिलांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी लिफ्टवाला माणूस. सुटे भाग जितके कमी, तितकी लिफ्ट अडकायची कमी. पिशवीच लावा." माझं मत विचाराल तर तेव्हा मीही मनातून त्यांच्याच बाजूला होतो. दिवस खाणारी शस्त्रक्रिया, अधू पाठीचं पोर, एक मूत्रपिंड आधीच लंगडं. कोणत्या भूलतज्ज्ञाला अशा वेळी उत्साह येईल?

आई इतका वेळ पदराशी चाळा करत बसली होती. ती मुलीला हलकेच म्हणाली, "मी आहे ना. पिशवी लपेल असा गणवेश शिवीन."

मुलगी म्हणाली, "आई, मला लपवायची नाहीये. मला ती नकोच आहे."

आणि मग तिने बाईंना एक प्रश्न विचारला. मी वैद्यकाची अनेक अधिवेशनं ऐकलीत, अध्यक्ष महोदय, पण एवढा नेमका प्रश्न मला तिथे ऐकायला मिळाला नाही. तिने विचारलं, "आतड्याला कसं कळणार, की आता आपण मूत्राशय झालो?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाही कळणार."

"मग?"

"मग ते आतड्यासारखंच वागणार. आतडं आतून चिकट पाणी सोडतं, ते सोडत राहणार. घरजावयासारखं आहे ते. नव्या घरात राहील, पडेल ते काम करील, पण सवयी स्वतःच्याच. म्हणून मूत्राशय आतून धुवावं लागतं."

"भरलं की सांगेल?"

"नाही सांगणार. घड्याळ बघून तुला ओळखावं लागेल."

"आणि मी विसरले तर?"

"एखाद्या वेळी उशीर झाला तर दुखेल. नेहमीच विसरायला लागलीस तर फाटू शकतं. फाटलं तर जीव जाऊ शकतो."

आईचा हात तोंडावर गेला. वडील ताडकन उभे राहिले. "अहो, एवढ्याशा पोरीला असं सांगतात का? तिला काय कळतंय?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "नळी ती घालणार आहे. शाळेत घालणार, प्रवासात घालणार. तुम्ही नसाल, मी नसेन, तेव्हाही तीच घालणार. मग आत्ता खोटं कुणासाठी बोलू?"

त्या दिवशी बाईंनी निर्णय मागितलाच नाही. आईला मात्र एक काम दिलं. कापडाचं पोट शिवा म्हणाल्या, आणि बेंबीच्या जागी एक काज ठेवा. आईने उरल्या गणवेशाच्या निळ्या कापडाचं टुमदार पोट शिवलं, आत कापूस, मधोमध काज. मुलगी घरी त्यात नळी घालायची आणि काढायची, बसून, उभ्याने, डोळे मिटूनही. वडील ते बघून दुसऱ्या खोलीत निघून जायचे, हे आईनेच पुढे सांगितलं.

ठरलेल्या दिवशी तिघं परत आली. मुलगी म्हणाली, "माझं हो आहे. पण एक अट. भोक दिसता कामा नये. बेंबीत करायचं."

बाईंनी विचारलं, "बेंबीतच का?"

"बेंबी सगळ्यांनाच असते."

बाई म्हणाल्या, "बेंबीत करते." वडिलांनी सही केली. पण सही करताना बाईंना म्हणाले, "माझं मन अजून पिशवीतच आहे, एवढं लक्षात असू द्या." त्यांच्या सरळपणाचं मला तेव्हाही कौतुक वाटलं.

शस्त्रक्रियेचा दिवस उजाडला. थिएटरमधून रबराची वस्तू न वस्तू आदल्या दिवशीच बाहेर काढली होती. मुलगी टेबलावर आली, वरच्या दिव्यांकडे बघून मला म्हणाली, "काका, भूल दिल्यावर मी कुठे जाते?" मी म्हटलं, "कुठे जात नाहीस, इथेच असतेस." "मग मला कळत का नाही?" उत्तर द्यायच्या आत मी औषध सोडलं. आमच्या पेशाला एवढी एक सोय आहे.

सुरुवात छान झाली. आतड्याचा तुकडा निघाला, उलगडला, जोडला जाऊ लागला. मग बाई अपेंडिक्सकडे वळल्या आणि पडद्यापलीकडून आवाजच यायचा थांबला. बाईंचा आवाज थांबणं म्हणजे काय, हे आम्हा जुन्या माणसांनाच ठाऊक. मी मान उंचावून पाहिलं. अपेंडिक्स आखूड होतं. चांगलं होतं, वाहतं होतं, पण आखूड. पोटाच्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूला ते सहज पोचलं असतं. बेंबीपर्यंत काही केल्या पोचत नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, उजव्या बाजूला काढा. चड्डीच्या इलास्टिकखालीच राहील, कोण बघतंय?"

बाई म्हणाल्या, "ती बघेल."

"पोरगी समजूतदार आहे, तिला सांगू."

"भूलोबा, ती कशाला हो म्हणाली होती? बेंबीला. मी जागा बदलली तर तिने हो म्हटलंच नाही असं होईल." आणि लगेच विचारलं, "तुम्ही मला किती वेळ देऊ शकता?"

"तुम्हाला किती लागेल?"

"ते सुरू केल्यावर कळेल."

अध्यक्ष महोदय, माझ्यापुढे काय होतं ते सांगतो. एवढा वेळ पोट उघडं असलेल्या मुलीचं अंग गार पडत चाललं होतं. रक्तदाब ठीक होता, पण मूत्रपिंडाचा भरवसा नव्हता. त्या क्षणी 'नाही, आता आवरा' म्हणायचा अधिकार माझा होता, आणि मी तसं म्हटलं असतं तर बाईंनी निमूटपणे ऐकलं असतं. तो नियम आम्ही दोघांनी कधी मोडला नाही. मी गरम हवेचं पांघरूण वाढवलं, सलाईन कोमट करून घेतलं, आकडे पुन्हा बघितले. मग म्हटलं, "घ्या वेळ. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

मग बाईंनी काय केलं? आतड्याची एक लहानशी कडी कापून घेतली. बांगडीएवढीही नाही, अंगठीएवढी. ती उभी चिरून उघडली, की तिची एक पट्टी होते. ती पट्टी आडवी गुंडाळून शिवली, की अंगठीची लांब, बारीक नळी होते. ऐकायला कागदाच्या खेळासारखं वाटतं. पण हे करायचं ते ओल्या, घसरणाऱ्या, रक्तवाहिनीच्या एका देठावर जगणाऱ्या कापडावर, आणि टाके असे बारीक की सिस्टर भिंगातून सुई शोधून देत होती. नळी झाली. एक टोक मूत्राशयात असं रुजवलं की आतून दाब आला तर ती दाबली जाऊन आपोआप मिटावी. दुसरं टोक बेंबीच्या तळाशी शिवलं. मी मधे एकदा 'थांबा' म्हटलं. बाई हात वर करून थांबल्या. मुलीचा रक्तदाब सावरेपर्यंत कुणी हललं नाही. मग मी म्हटलं, "चला," आणि काम पुढे सुरू झालं.

बाहेर वडील उभेच होते. बाईंनी सांगितलं, "अपेंडिक्स पुरलं नाही. दुसरी नळी बनवली. बेंबीतच आहे." त्यांनी फक्त विचारलं, "एक सुटा भाग वाढला म्हणायचा?" बाई म्हणाल्या, "हो. वाढला."

नंतरचे काही आठवडे आतल्या नळ्या तशाच ठेवाव्या लागतात, जखमा भरायला. मग एके सकाळी त्या काढल्या, आणि मुलीने स्वतःच्या हाताने बेंबीत नळी घातली. वॉर्डाच्या न्हाणीघरात ती, दाराबाहेर आई, आईच्या मागे बाई, बाईंच्या मागे उगीचच मी. आतून आवाज आला, "आली." बस्स. एवढंच.

ती परत येऊन पलंगावर बसली. अंगाखाली पांढरी चादर. दर थोड्या वेळाने चादर चाचपून बघायची. पुन्हा बघायची. जेवणाची वेळ झाली तरी चादर कोरडीच. मग तिने वॉर्डातल्या मावशींकडे पाणी मागितलं. एक पेला प्यायली, दुसरा मागितला, तिसरा मागितला. मावशी म्हणाल्या, "अगं पुरे, पोटाला तडस लागेल!" तेव्हा आईला रडू फुटलं. कारण ही पोर जन्मात कधी पोटभर पाणी प्यायली नव्हती. कमी प्यायचं, म्हणजे कमी भिजायचं, हा तिचा हिशेब. बाईंनी विचारलं, "एवढी तहान लागली होती?" ती म्हणाली, "तहान नाही लागली. प्यायल्यावर काय होतं ते बघतेय."

इथे गोष्ट संपवली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण गोष्ट तशी झाली नाही.

काही महिन्यांनी भर दुपारी शाळेतले एक शिक्षक तिला घेऊन धावत आले. पोट टणक, चेहरा पांढरा, घाम. तिने सकाळपासून नळी घातलीच नव्हती. बाईंनी ताबडतोब नळी घातली, आणि लघवी येतच राहिली, येतच राहिली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय. पुढचा अर्धा दिवस आम्ही तिच्या पोटावर हात ठेवूनच होतो. फाटलं नव्हतं. थोडक्यात वाचलं.

वडील कामावरून तसेच तेलकट हातांनी आले. "मी म्हणत होतो ना!" एवढंच म्हणाले, आणि भिंतीला टेकले. बाईंनी मुलीला विचारलं, "विसरलीस?"

"नाही."

"मग?"

"किती मावतं ते बघायचं होतं."

आता तुम्ही असता तर काय केलं असतंत? मी तर कान धरला असता. बाईंनी विचारलं, "मग? किती मावलं?" सिस्टरनी मोजलेला आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, "बरंच आहे की." आणि मग त्यांचा आवाज असा काही बदलला की वॉर्डातली कुजबुज थांबली. "आता ऐक. बघायची हौस मलाही आहे. पण मी मोजते तेव्हा शेजारी हे भूलकाका असतात, सिस्टर असते, रक्ताची बाटली असते. तू मोजत होतीस तेव्हा तुझ्या शेजारी कोण होतं?"

ती म्हणाली, "भूगोलाचे सर."

ते सर तिथेच उभे होते. घामाघूम. त्यांना बिचाऱ्यांना कशाचा काही पत्ता नव्हता. आधी सिस्टर हसली, मग बाई, मग चक्क वडील. मुलगीही हसत सुटली. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "पुन्हा असं केलंस तर मी हसणार नाही." पुन्हा तसं झालं नाही. त्यानंतर वडिलांनी पिशवीचा विषय कधी काढला नाही. तिच्या वर्गातल्या घड्याळाचा सेल संपला की बदलायला मात्र स्वतः जायचे, शिडी घेऊन.

दुसरं मूत्रपिंड वाचलं. मुलगी शिकली, मोठी झाली. आज ती जमिनी मोजते. भर उन्हात, डोंगरउतारावर, जिथे आडोशाला झुडूपही नाही अशा माळावर ती उपकरण लावून दिवसभर उभी असते. सोबतचे पुरुष सहकारी म्हणतात, ही बाई फार पाणी पिते. त्यांना यापलीकडे काही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात मी तिला फोन केला. म्हटलं, बाई निवृत्त होतायत, समारंभाला ये, दोन शब्द बोल. ती म्हणाली, "भूलकाका, मी व्यासपीठावर येऊन काय दाखवू? बाईंनी जे केलं ते कुणाला दिसू नये म्हणूनच तर केलं."

श्रोते हो, खरंच विचार करा. गुडघा बसवला तर माणूस चालून दाखवतो. मोतीबिंदू काढला तर वाचून दाखवतो. बाईंनी बरी केलेली माणसं आज या गावात, बसमध्ये, बँकेत, नाटकाच्या तिसऱ्या रांगेत आपल्या शेजारी बसलेली असतील आणि आपल्याला कधीही कळणार नाही. ती नुसतीच बसलेली असतात. नाटक पुरं होईपर्यंत. आयुष्यभर असं काम करत राहायला, ज्याची कुणी पावतीही देऊ शकत नाही, माणसाला काय लागत असेल? मला पूर्वी वाटायचं, त्याग. आता वाटतं, बाईंना उत्तर जाणून घ्यायचं असतं, आणि ते मिळालं की त्यांचं पोट भरतं.

पण तिचा फोन तेवढ्यावर संपला नाही. ती म्हणाली, "गोष्ट खुशाल सांगा, नाव सांगू नका. आणि शेवटी माझा एक प्रश्न बाईंना विचारा. सगळ्यांसमोर विचारा, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही."

बाई, तो प्रश्न मी आता विचारतो. तुम्हाला हे आधी सांगितलं नाही, त्याबद्दल रागावू नका. आपली पोरगी आई होणार आहे. तिच्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बाळ छान आहे, पण पोट उघडायची वेळ आली तर आत काय कुठून कुठे नेलंय हे आम्हाला ठाऊक नाही. बाळापर्यंत जायच्या वाटेतच तुमचं ते मूत्राशय, ती नळी आणि तिचा तो रक्तवाहिनीचा देठ असणार. ज्यांनी हे घडवलं त्याच शेजारी उभ्या असतील तर बरं. तिचा प्रश्न असा, "बाई, तुम्ही याल का?"

...

क्षमा करा, बाई काहीतरी म्हणतायत. माइक लांब आहे, मीच सांगतो. बाई विचारतायत, कितवा महिना?

सातवा संपत आलाय, बाई.

त्या विचारतायत, नळी नीट जाते का? जाते म्हणाली, पण हल्ली पोट आडवं येतं, आरशात बघून घालावी लागते.

बाई म्हणतायत, सोमवारी तिला माझ्याकडे पाठवा. अध्यक्ष महोदय, सोमवारी बाई नियमाप्रमाणे या रुग्णालयाच्या नोकरीत नाहीत. तेव्हा आपली संमती... अध्यक्षांनी मान डोलावलीय. नवे विभागप्रमुख हात वर करतायत, म्हणतायत, मी मदतनीस म्हणून उभा राहीन. आणि डोक्याशी कोण उभं राहील, हे कुणी विचारलेलंच नाही, तेव्हा ते मी गृहीत धरतो.

एकंदरीत, मंडळी, आपला हा निरोप थोडा आधी झाला असं दिसतंय. पुष्पगुच्छ परत घेतले जाणार नाहीत. बाईंच्या यजमानांनी सहलीची तिकिटं काढली असतील तर त्यांची मी वेगळी माफी मागतो.

आयोजकांनी मला ही संधी दिली, अध्यक्ष आणि पाहुण्यांनी सहन केलं, आणि तुम्ही जागे राहिलात, या सर्वांबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या कानाला न रुचणारा शब्द गेला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर ती सगळी चूकभूल आपण मोठ्या मनाने पोटात घालावी. बाई, नमस्कार.